विमानांच्या जुन्या छायाचित्रांचें 'संस्करण' : एक परीक्षण

गेल्या कांहीं वर्षांत विमानविद्येच्या आरंभकाळांतील छायाचित्रें नवीन यंत्रांच्या साहाय्यानें 'साफ' करून प्रसिद्ध करण्याची प्रथा फार वाढली आहे. मूळ काचेवरील डाग काढावे, काळोख उजळावा, करड्या आकाशावर विमानाची आकृति ठसठशीत उठवावी, आणि तें चित्र मूळ म्हणून लोकांपुढें ठेवावें, असा हा व्यवहार आहे. कागदपत्रांच्या शोधनास वाहिलेल्या या त्रैमासिकांत विमानांचा विषय कशास, अशी शंका कोणी वाचक घेतील. तिचें उत्तर इतकेंच कीं, छायाचित्र हाहि एक कागदच आहे. त्यास मूळ प्रत असते, प्रतीवरून केलेल्या प्रती असतात, हस्तदोष असतात आणि सद्धेतूनें केलेले प्रक्षेपहि असतात. पोथीच्या बाबतींत जी सावधगिरी आपण कित्येक पिढ्या शिकत आलों, ती चित्राच्या बाबतींत सोडली म्हणजे काय होतें, याचें एक ठळक उदाहरण इ. स. २०१३ मध्यें घडलें. त्याचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. परंतु तत्पूर्वीं एका विश्वसनीय साधनाची हकीगत सांगणें अवश्य आहे, म्हणजे तुलनेस आधार मिळेल.

१

ता. १७ डिसेंबर १९०३ रोजीं सकाळीं १० वाजून ३५ मिनिटांनीं अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना प्रांतांत, किटी हॉक गांवानजीकच्या किल डेव्हिल हिल्स येथील वाळूवर, ऑर्विल राइट यानें यंत्रबळानें पहिलें उड्डाण केलें. तें १२ सेकंद टिकलें व त्यांत १२० फूट अंतर तोडलें गेलें. कॅमेरा ऑर्विलनें आधींच तिपाईवर रोखून ठेवला होता. विमान रूळ सोडून वर उठेल त्या क्षणीं रबरी फुगा दाबावयाचें काम जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरील जॉन डॅनियल्स याजकडे दिलें होतें. त्यानें तें बजावलें. ५ इंच रुंद व ७ इंच लांब अशा त्या काचेवर जें उमटलें, तें पुढें डेटन येथील राइट बंधूंच्या घरच्या अंधारखोलींत प्रथम दृष्टीस पडलें.

चित्रांत काय आहे तें नीट पाहण्यासारखें आहे. खालच्या पंखावर ऑर्विल पालथा पडलेला आहे. पंखाचा खांब नुकताच हातांतून सोडलेला विल्बर उजवीकडे विमानाबरोबर पळतां पळतां थबकला आहे. मागें रूळ आहे, पंख टेकवून ठेवण्याचा बांक आहे, इंजिन सुरू करण्याची विजेची पेटी आहे, वाळूंत पावलांचे ठसे आहेत. यांपैकीं बांक आणि पेटी हीं कोणीं मुद्दाम चित्रांत घेतलेलीं नाहींत. तीं तेथें होतीं म्हणून आलीं. दस्तऐवजांत लिहिणाराच्या मनांत नसलेला तपशील नकळत येऊन पडतो आणि तोच पुढें सर्वांत बळकट पुरावा ठरतो, हा आपला नेहमींचा अनुभव आहे. तो येथेंहि खरा आहे.

या काचेची वंशावळहि अखंड आहे. मार्च १९१३ मध्यें डेटनला महापूर आला. राइट बंधूंच्या काचा पाण्यांत व चिखलांत बुडाल्या. कांहीं फार बिघडल्या. या काचेच्या एका कोपऱ्यावरील लेप गेला, तथापि विमानाच्या आकृतीस धक्का लागला नाहीं. ऑर्विल १९४८ सालीं वारला. १९४९ मध्यें त्याच्या मिळकतीच्या विश्वस्तांकडून ३०३ काचा वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयास मिळाल्या, आणि आज त्यांच्या संगणकीय प्रती कोणासहि पाहावयास मिळतात. चित्र कोणीं घेतलें, कोठें, केव्हां, तें कोणाकडे राहिलें, त्यास इजा कधीं झाली, या सर्व प्रश्नांस उत्तर आहे. ज्यास आपण आदर्श प्रत म्हणतों ती हीच.

आतां या प्रतीचें 'संस्करण' करणारे काय करतात तें पहा. प्रथम ते गेलेला कोपरा भरून काढतात. तेथील वाळू कशी असावी हें शेजारच्या वाळूवरून यंत्र ठरवतें. मग आकाशांतील डाग व चरे पुसतात. नंतर आकाश सारखें करड्या रंगाचें करून विमान काळेंभोर करतात. कसरीनें खाल्लेल्या पानांत स्वतःची अक्षरें भरून, कंस न घालतां, पोथी छापणाऱ्या संपादकास आपण काय म्हणूं? १९१३ चा पूर हाहि त्या काचेच्या चरित्राचा भाग आहे. तो डाग पुसणारा त्या प्रतीची एक समाप्तिलेखासारखी खूणच पुसतो.

हा दोष सौंदर्यापुरता असता तर सोडून देतां आला असता. परंतु राइट बंधूंच्या यंत्राचें मर्म तारांमध्यें आहे. पंखांचीं टोकें पिळून तोल सांभाळण्याची त्यांची युक्ति तारांच्या ओढीवर चाले. छायाचित्रांत अशी तार म्हणजे केसाएवढी करडी रेघ, आणि काचेवरील चराहि केसाएवढी करडी रेघच. चरा पुसणारें हत्यार या दोहोंतील भेद जाणत नाहीं. अनुस्वार आणि शाईचा थेंब यांतील भेद न जाणणाऱ्या लेखनिकाच्या हातीं संहिता देण्यासारखेंच तें आहे.

२

या व्यवहाराचें स्वरूप कळण्यास छायाचित्रांतील उजेडाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. विमानाचें चित्र घेणें मुळांतच कठीण. पाठीमागें लख्ख आकाश आणि पुढें त्या मानानें काळवंडलेलें यंत्र. आजच्या कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक आकाशाचा उजेड जमेस धरून एक्स्पोजर, म्हणजे प्रकाशमात्रा, कमी ठरवतो, आणि विमान नुसत्या सावलीसारखें उमटतें. म्हणून जाणते छायाचित्रकार मापकाच्या सांगण्यापेक्षां एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश देतात. तेव्हां पंखाखालचा भाग दिसूं लागतो, पण आकाश फटफटीत पांढरें होतें. दोहोंपैकीं एकाचा थोडाबहुत त्याग करावाच लागतो.

हा त्याग मागाहून संगणकावर भरून काढण्याचा मोह पडतो. सामान्य संगणकीय चित्रांत प्रत्येक बिंदूच्या उजेडास ० पासून २५५ पर्यंत एक अंक दिलेला असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. प्रकाशमात्रा बदलणें म्हणजे हे सर्व अंक वर किंवा खालीं नेणें. छटाभेद, ज्यास कॉन्ट्रास्ट म्हणतात, तो वाढवणें म्हणजे अंकांमधील अंतर ताणणें. यांत नवी माहिती तिळमात्र उत्पन्न होत नाहीं. उलट, जे बिंदु २५५ वर जाऊन टेकले त्यांच्यांतील भेद त्या प्रतींतून कायमचा गेला. तेथें ढग होते कीं निरभ्र होतें, हें कोणतीहि कळ फिरवून परत येत नाहीं. आणि अंतर ताणलें म्हणजे विमानाबरोबर काचेवरील डाग, लेपांतील चांदीचे कण आणि धूळ हीं सगळींच ताणलीं जातात. यंत्र साक्षीदाराचा आवाज मोठा करतें, तसा आजूबाजूचा गलबलाहि मोठा करतें.

याहून सूक्ष्म अडचण जुन्या लेपांची आहे. त्या काळच्या पुष्कळशा काचा व फिती निळ्या प्रकाशास अतिशय हळव्या आणि तांबड्यास जवळजवळ आंधळ्या असत. म्हणून निळा रंग पांढुरका येई, तांबडा काळा येई. पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश विमानांवर मध्यें तांबडा ठिपका, त्याभोंवतीं पांढरें कडें आणि बाहेर निळें कडें अशी खूण असे. अशा लेपावर घेतलेल्या चित्रांत आंतील ठिपका काळाकुट्ट दिसतो आणि बाहेरचें निळें कडें पांढऱ्यांत विरून जातें. दुसऱ्या महायुद्धांत या खुणेभोंवतीं पिवळें कडें आलें. तेंहि अशा फितीवर उजळ न येतां गडद येतें. ज्यास लेपाची ही प्रकृति ठाऊक नाहीं, तो म्हणेल, कडें पुसट झालें आहे, तें गडद करूं. किंवा पिवळा रंग उजळ असला पाहिजे, तो उजळवूं. असें करतांना तो चूक सुधारीत नाहीं. लेप कोणत्या जातीचा होता हें सांगणारी एकुलती एक खूण तो नष्ट करतो. जुन्या लेखनिकाचें शुद्धलेखन आजच्या नियमांप्रमाणें सुधारून छापणारा संपादक पत्राचा काळ ठरवण्याचें साधनच गमावतो, त्यांतलाच हा प्रकार आहे.

३

येथें पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. कोणी म्हणतील, पुसट मोडी कागद आपण दिव्याजवळ नेतों, तिरपा धरतों, भिंगाखालीं घालतों. त्यांत पाप नाहीं, तर पडद्यावर छटा ताणण्यांत काय पाप आहे? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास उत्तरहि त्यांतच आहे. कागद दिव्याजवळ नेणें हें वाचन होय. त्याच कागदावर काळ्या शाईनें अक्षरें गिरवणें हें लेखन होय. संपूर्ण चित्राचा उजेड एका प्रमाणांत बदलला, मूळ प्रत जशीच्या तशी राखली, आणि काय केलें तें लिहून ठेवलें, तर तें वाचनांत मोडतें. चित्राचा एकच भाग उजळला, कडा कोरल्या, डाग भरले, आणि मूळ प्रत दृष्टिआड केली, तर तें लेखन झालें.

वाचनांतहि भ्रम होतोच. प्रस्तुत लेखकाच्या हातून झालेली एक चूक येथें कबूल करणें योग्य होईल. एका मोडी हिशेबाचें छायाचित्र वाचतांना अक्षरें स्पष्ट व्हावींत म्हणून काळेपणा बराच वाढवला होता. त्यामुळें कागदाच्या पाठीमागील फुटलेली शाई पुढच्या बाजूच्या अंकाची रेघ म्हणून वाचली गेली आणि रक्कम चुकली. पुढें मूळ कागद उजेडाकडे धरला तेव्हां ती रेघ मागची आहे हें उमगलें. मूळ कागद हाताशीं नसता तर तो अंक छापून गेला असता, आणि पुढचा अभ्यासक आमच्या नांवानें तो उद्धृत करता. ज्यांच्या मूळ वस्तु सातासमुद्रांपलीकडे आहेत किंवा नष्ट झाल्या आहेत, अशा चित्रांच्या बाबतींत हा धोका किती वाढतो, हें पुढील प्रकरणावरून दिसेल.

४

गुस्टाव्ह व्हाइटहेड हा बव्हेरियांतील लॉयटर्सहाउझेन गांवीं १८७४ सालीं जन्मलेला जर्मन. तो अमेरिकेंत जाऊन कनेक्टिकट प्रांतांतील ब्रिजपोर्ट येथें राहिला व तेथें त्यानें विमानें बांधलीं, हें निर्विवाद आहे. वाद आहे तो त्याच्या उड्डाणाचा. ता. १८ ऑगस्ट १९०१ च्या 'ब्रिजपोर्ट संडे हेरल्ड' पत्रानें असें छापलें कीं, चार दिवसांपूर्वीं पहांटे त्यानें सुमारें अर्धा मैल उड्डाण केलें. म्हणजे राइट बंधूंच्या आधीं दोन वर्षांहून अधिक. बातमीबरोबर हातानें काढलेलें चित्र होतें, छायाचित्र नव्हतें. बातमींत दोन साक्षीदारांचीं नांवें होतीं. त्यांपैकीं एकानें पुढें शपथेवर सांगितलें कीं, आपण तेथें हजरच नव्हतों. व्हाइटहेडचें यंत्र जमिनीवर उभें असल्याचीं छायाचित्रें आहेत. उडत असल्याचें निर्विवाद छायाचित्र एकहि नाहीं.

जानेवारी १९०६ मध्यें न्यूयॉर्क येथें एरो क्लब ऑफ अमेरिका या मंडळानें प्रदर्शन भरवलें. त्यांत व्हाइटहेडचें यंत्र उडतांनाचें एक अस्पष्ट छायाचित्र लावलें होतें, असा उल्लेख त्याच महिन्यांतील 'सायंटिफिक अमेरिकन' मध्यें आहे. तें छायाचित्र स्वतः उपलब्ध नाहीं. इ. स. २०१३ मध्यें जॉन ब्राउन या संशोधकानें असें प्रतिपादिलें कीं, त्या प्रदर्शनाच्या दालनाचें जें एक छायाचित्र शिल्लक आहे, त्यांत भिंतीवर टांगलेल्या चित्रांपैकीं एक हेंच होय. त्यानें तो इवलासा भाग अनेक पटींनीं मोठा केला, छटा ताणल्या, आणि त्या करड्या डागांत उडतें यंत्र दाखवलें.

१९०९ सालीं सुरू झालेल्या 'जेन्स ऑल द वर्ल्ड्स एअरक्राफ्ट' या मान्यवर वार्षिकाचे संपादक पॉल जॅक्सन यांनीं २०१३ च्या प्रस्तावनेंत ब्राउनच्या संशोधनावर भर देऊन पहिल्या उड्डाणाचा मान व्हाइटहेडला दिला. त्याच वर्षीं कनेक्टिकटच्या विधिमंडळानें तसा कायदाहि केला. ब्राउनचा पक्ष केवळ या चित्रावर उभा नव्हता, वृत्तपत्रांतील उताऱ्यांवरहि होता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु लोकांच्या मनावर ठसा उमटला तो चित्राचाच, कारण उताऱ्यावर वाद घालतां येतो आणि चित्र तर 'डोळ्यांनीं दिसतें'.

आतां पाठचिकित्सकाच्या दृष्टीनें ही परंपरा मांडून पहा. पहिली पायरी, भिंतीवरील मूळ छायाचित्र, लुप्त. दुसरी, त्या भिंतीचें छायाचित्र, ज्यांत पहिल्याचा आकार अत्यल्प. तिसरी, दुसऱ्याची संगणकीय प्रत. चौथी, तिच्या एका कोपऱ्याचें विस्तृत केलेलें रूप. पांचवी, त्यांतील छटा ताणून केलेली आकृति. पांचव्या पायरीवर जें दिसतें त्यास आपण पहिल्या पायरीचा पाठ म्हणावयाचें, आणि तो कोणता पाठ असावा हें आधींच मनांत धरून! चांदीच्या कणांचा पुंजका एवढा मोठा केला म्हणजे त्यांत पक्षीहि दिसतो, विमानहि दिसतें. पाहणाराची अपेक्षा असेल तें दिसतें.

याचा उलगडाहि त्याच वर्षीं झाला, आणि तो छटा आणखी ताणून झाला नाहीं. कॅरोल ग्रे या इतिहाससंशोधकानें ती आकृति त्या काळच्या दुसऱ्या ज्ञात छायाचित्रांशीं ताडून पाहिली. त्यावरून असें निष्पन्न झालें कीं, तें चित्र जॉन माँटगोमेरी याच्या 'द कॅलिफोर्निया' नांवाच्या इंजिनरहित ग्लायडरचें आहे. १९०५ सालीं कॅलिफोर्नियांतील एका उद्यानांत तें लोकांस दाखवण्यासाठीं अधांतरीं टांगलें होतें. म्हणजे व्हाइटहेड नव्हे, यंत्रबळ नव्हे, आणि त्या क्षणीं उड्डाणहि नव्हे. २०१५ मध्यें 'जेन्स'च्या प्रकाशकांनीं प्रस्तावनेंतील तें मत लेखकाचें वैयक्तिक असून संस्थेचें नव्हे, असें सांगून हात झटकले. कायदा मात्र होऊन गेला होता.

येथें शिकण्यासारखी गोष्ट ही कीं, निर्णय पुसट प्रतीस अधिक काळें करून लागला नाहीं. दुसरी स्वतंत्र प्रत शेजारीं ठेवून लागला. हस्तलिखितांच्या अभ्यासांत हा नियम इतका जुना आहे कीं तो पुन्हां सांगतांना संकोच वाटतो. एका भ्रष्ट प्रतीवर कल्पना लढवण्यापेक्षां दुसरी प्रत शोधावी.

५

हें सर्व परदेशांतलें म्हणून आपण निर्धास्त राहण्याचें कारण नाहीं. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं मुंबईस चौपाटीवर विमान उडवलें, असें महाराष्ट्रांत अभिमानानें सांगितलें जातें. त्या उड्डाणाचें छायाचित्र नाहीं. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं चिकित्सा केली. ग्रंथ १९०४ च्या मागें जात नाहीं आणि त्यांत वर्णिलेलीं यंत्रें उडण्यासारखीं नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ग्रंथाबरोबरच्या रेखाकृति १९२३ सालच्या आहेत. संस्कृतावर ज्याचें आयुष्य गेलें त्यास हा निष्कर्ष गोड वाटत नाहीं, पण तो मान्य करावा लागतो. त्या रेखाकृतींवरील १९२३ हें साल गळालें, रेषा गडद केल्या आणि कागदास पिवळेपणा आणला, तर पुढच्या पिढीस त्या कोणत्या शतकांतल्या वाटतील? जो डोळा व्हाइटहेडच्या डागांत विमान पाहूं शकला, तो आपल्यालाहि आहे. अभिमान ज्या बाजूस असेल त्या बाजूस दुप्पट सावध असावें, हें संशोधकाचें व्रत आहे.

६

शेवटीं, छायाचित्रें बाळगणाऱ्या व छापणाऱ्या सज्जनांपुढें चार सूचना ठेवतों.

पहिली, मूळ प्रतीची जी पहिली संगणकीय प्रत घेतली जाईल तिला हात लावूं नये. कोणताहि फेरफार तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावा, आणि दोन्ही एकत्र ठेवाव्या.

दुसरी, फेरफार कोणीं, केव्हां व काय केला, याची ओळ चित्राखालींच असावी. 'संपूर्ण चित्राचा उजेड वाढवला' आणि 'अमुक भागाचा उजेड वाढवला' हीं दोन विधानें निरनिराळीं आहेत. दुसरें विधान करण्याची पाळी आली तर तो भाग रेघेनें दाखवावा.

तिसरी, काचेचा किंवा फितीचा लेप कोणत्या जातीचा होता तें कळत असेल तर नोंदवावें. न कळल्यास करड्या छटेवरून रंगाचें अनुमान करूं नये.

चौथी व सर्वांत महत्त्वाची, छटा ताणल्यावर जें दिसलें तें न ताणलेल्या प्रतींत, अंधुक कां होईना, दाखवतां आलें पाहिजे. जें केवळ ताणलेल्या प्रतींतच दिसतें, तें प्रमाण नव्हे. तो तर्क होय, आणि त्यास तर्क म्हणूनच छापावें.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढतांना ज्या पाठाविषयीं संपादकास पुरती खात्री नव्हती त्याखालीं नागमोडी रेघ ओढली. त्या रेघेनें संपादकाची विद्वत्ता कमी झाली नाहीं. तीवरचा आपला विश्वास मात्र वाढला. छायाचित्रांचें संस्करण करणारांनीं अशी एखादी रेघ अद्याप शोधलेली नाहीं. ती शोधली जाईपर्यंत, डॅनियल्सनें फुगा दाबून घेतलेलें तें चित्र आम्ही तरी त्याच्या गेलेल्या कोपऱ्यासह आणि पुराच्या डागांसह पाहणें पसंत करूं. आपल्या संग्रहांतील चित्रांविषयींहि वाचकांनीं असाच आग्रह धरावा, इतकें सुचवून हा लेख पुरा करतों.